सनस्क्रीन: केमिकल फिल्टर आणि मिनरल फिल्टर

सनस्क्रीनमधल्या ऊन अडवणाऱ्या घटकांना फिल्टर म्हणतात. केमिकल फिल्टर ऊन शोषून घेतात आणि मिनरल फिल्टर ते परतवून लावतात, असं सर्रास सांगितलं जातं. यातला दुसरा भाग बराचसा चुकीचा आहे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हेही अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात, परतवतात ते थोडेच. खरा फरक विरघळण्यात आहे. मिनरल फिल्टरचे कण न विरघळता त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातच राहतात. ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन हे केमिकल फिल्टर तेलात विरघळतात, त्यांचे रेणूही लहान असतात. त्यामुळे थोडा अंश त्वचेतून रक्तापर्यंत पोहोचतो.

केमिकल सनस्क्रीनची भीती पसरली ती इथूनच. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१९ आणि २०२० मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. तपासलेल्या सगळ्या केमिकल फिल्टरचं रक्तातलं प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं होतं. हा आकडा विषारीपणाची मर्यादा नव्हे. त्याच्या वर गेलेल्या घटकाच्या सुरक्षिततेच्या आणखी चाचण्या हव्यात, एवढंच तो सांगतो. सनस्क्रीन वापरणं थांबवू नका, हेही एफडीएने तेव्हाच स्पष्ट केलं होतं.

पण सगळे केमिकल फिल्टर एका माळेचे मणी नाहीत. ऑक्सिबेन्झोन इतरांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि ऊन लागल्यावर उठणाऱ्या ॲलर्जीतही त्याचं नाव वारंवार येतं. युरोपीय संघाने अंगभर लावायच्या उत्पादनांत त्यावर २.२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पर्याय भरपूर असताना ते वापरण्याचं कारण उरत नाही. लेबलवर ते ‘बेन्झोफेनोन-३’ या नावानेही असतं, तेव्हा दोन्ही नावं शोधा. उलट बेमोट्रिझिनॉलसारख्या नव्या फिल्टरचे रेणू मोठे असल्याने ते त्वचेत फारसे शिरत नाहीत.

मिनरल म्हणजे डोळे झाकून निर्धोक, असंही नाही. क्रीम ठीक, स्प्रे किंवा पावडर असेल तर कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतात, म्हणून ते टाळा. याहून नेहमीची अडचण पांढऱ्या थराची. तो दिसू नये म्हणून लोक क्रीम पातळ लावतात. एसपीएफ, म्हणजे ट्यूबवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा, मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. निम्मंच लावलं तर ५० चा आकडा नुसता ट्यूबवर राहतो. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, संपूर्ण अंगाला साधारण ३० मिलिलिटर, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. हे माप दोन्ही प्रकारांना सारखंच.

केमिकलची अडचण निराळी: ॲव्होबेन्झोन उन्हातच विघटित होतं. सोबत ऑक्टिनॉक्सेट हा दुसरा केमिकल फिल्टर असेल तर आणखी लवकर, ऑक्टोक्रिलीन असेल तर ते टिकतं. मात्र ऑक्टोक्रिलीनपासून कालांतराने बेन्झोफेनोन (बेन्झोफेनोन-३ नव्हे; हे कर्करोगकारक असल्याचा संशय असलेलं रसायन) तयार होतं, म्हणून मुदत संपलेली ट्यूब टाकून द्या. दोन वेगवेगळी सनस्क्रीन हातावर मिसळूनही लावू नका. ज्यांच्यावर संरक्षक लेप चढवलेला नसतो असे मिनरल कण ॲव्होबेन्झोन बिघडवू शकतात.

त्वचा लगेच चुरचुरत असेल किंवा डोळ्यांत आग होत असेल तर मिनरल घ्या. लहान मुलांसाठीही तेच. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सावली आणि सुती कपडे. बाकीच्यांनी जे पुरेसं जाड आणि रोज लावलं जाईल ते घ्यावं.