उमुगांडा

उमुगांडा ही रवांडातील सक्तीच्या सामूहिक श्रमकार्याची प्रथा असून, दर महिन्याच्या अखेरच्या शनिवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत १८ ते ६५ वर्षे वयाच्या धडधाकट नागरिकांनी आपापल्या वस्तीत त्यात भाग घ्यावा, असा दंडक आहे. किन्यारवांडा भाषेत घर उभारताना रोवायच्या लाकडी खांबालाही हाच शब्द आहे. शेजाऱ्याचे घर बांधायला गावाने जमण्याची जुनी रीत त्यामागे आहे. मराठी वाचकाला येथे ‘श्रमदान’ आठवेल, परंतु हे दान ऐच्छिक नाही. २००७च्या कायद्यानुसार विनाकारण गैरहजर राहणाऱ्यास ५,००० रवांडा फ्रँकपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रथेचा पूर्वेतिहास निर्मळ नाही. राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांच्या राजवटीने १९७०च्या दशकात तिला सरकारी कार्यक्रमाचे रूप दिले. एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत बहुसंख्य हुतू समाजातील अतिरेक्यांकडून अल्पसंख्य तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला, तेव्हा माणसे गोळा करण्याची हीच यंत्रणा आणि हीच भाषा वापरली गेली : हत्येला ‘काम’ म्हटले जाई आणि ‘झुडपे साफ करा’ याचा अर्थ सर्वांना ठाऊक असे. म्हणूनच १९९८ मध्ये उमुगांडा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय धाडसाचा मानावा लागतो.

प्रत्यक्षात त्या सकाळी दुकाने बंद राहतात, रस्त्यांवरची वर्दळ थांबते आणि लोक कुदळी व कोयते घेऊन गटारे उपसणे, डोंगरउतारावर चर खणणे, झाडे लावणे, शाळेच्या खोल्या बांधणे अशी कामे करतात. गवत कापणारा कोयता १९९४ मध्ये कशासाठी उचलला गेला होता, हे हजर असलेल्या वयस्कांना सांगावे लागत नाही. काम संपल्यावर सभा भरते. तीत जमिनीच्या कुरबुरी, आरोग्यविमा, वस्तीची सुरक्षा हे विषय निघतात. विश्वास जुळलाच तर तो खणण्यापेक्षा या बसण्यातून जुळतो, असे म्हणता येईल.

वंशसंहारात दोषी ठरलेल्यांना २००५ पासून देण्यात आलेली समाजसेवेची शिक्षा मात्र निराळी होय. गचाचा या लोकन्यायालयांपुढे गुन्हा कबूल करणाऱ्यांच्या शिक्षेचा काही भाग तुरुंगाऐवजी रस्ते व पायऱ्यांची शेते तयार करण्यात जाई. ही न्यायालये २०१२ मध्ये बंद झाली.

टीकाकारांच्या मते उमुगांडा हे सलोख्याइतकेच राज्यसंस्थेच्या देखरेखीचेही साधन आहे. सभेत सरकारी धोरणावर उघड टीका क्वचितच होते, आणि हुतू-तुत्सी हे शब्द जाहीर बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाल्यामुळे, शेजारी बसलेल्या दोघांच्या मनात एकमेकांविषयी काय आहे, ते तेथे बोलले जात नाही.