छाटणी (बागेतली झुडपं आणि झाडं)

वाळलेल्या, रोगट, एकमेकांवर घासणाऱ्या किंवा नको तिथे वाढलेल्या फांद्या काढून झाडाला मोकळं करणं आणि नवी फूट आणणं म्हणजे छाटणी. शेंड्याच्या कोंबात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे काडीवर झोपलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं, शेंडा कापला की तो दाब जातो आणि खालचे डोळे फुटतात, म्हणून छाटलेलं झाड दाट होतं. कढीपत्त्याचा शेंडा खुडला की तो सोट्यासारखा उंच न जाता फुटवे धरतो, तेही यामुळेच.

कधी छाटायचं यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे, आणि तो बराचसा नेटवरच्या व्हिडिओंमुळे. ते बनवणारे थंड देशांतले लोक सांगतात हिवाळा संपता संपता छाटा, कारण तिथे बर्फात झाड झोपलेलं असतं. महाराष्ट्रात बहुतेक झाडं हिवाळ्यात झोपत नाहीत, इथे वर्षाचे तुकडे पाऊस पाडतो. त्यामुळे महिना पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट बघायची, हे झाड फूल नव्या फुटीवर धरतं की जून झालेल्या काडीवर. ते कळलं की वेळ आपोआप ठरते. भर पावसात मात्र शक्यतो नकोच, ओल्या जखमेतून बुरशी शिरते, आणि मे महिन्याच्या उन्हात पानं उतरवली तर उघडी पडलेली साल भाजून तडकते.

ही गोष्ट सगळ्यात नीट समजते ती नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत. तिथे वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकच. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यात काडी अगदी बुडाशी एखादा डोळा ठेवून कापतात आणि नवीन काड्या तयार करून घेतात. उन्हाळ्यात या काड्यांच्या डोळ्यांत घड तयार होतो, बाहेरून काही दिसत नाही, म्हणून बरेच बागायतदार काडी लॅबमध्ये देऊन मायक्रोस्कोपखाली डोळे तपासून घेतात आणि मग ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे घड धरायच्या छाटणीला, कितव्या डोळ्यावर कापायचं ते ठरवतात. चुकीच्या डोळ्यावर कापलं तर वेल हिरवीगार येते आणि घड नाही. नाशिकच्या बागलाण तालुक्यात अर्ली, म्हणजे लवकर काढणीला येणाऱ्या, द्राक्षाची छाटणी यापेक्षा बरीच आधी होते.

घरच्या बागेत गुलाबाला हाच ऑक्टोबर चांगला. पाऊस थांबला, जमीन जरा वाळली की आधी वाळक्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या काढायच्या, मग जोमदार काड्या साधारण निम्म्यावर आणायच्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. म्हणजे नवी फूट बाहेर जाते आणि झुडूप मधून मोकळं राहतं. साधारण दीड महिन्यात फुलं येतात, याच हिशोबाने मावळातले पॉलिहाऊसवाले व्हॅलेंटाइनचा माल वेळेवर निघावा म्हणून डिसेंबरातच कटिंग उरकतात. कलमी गुलाबाला कलम जोडलेल्या सांध्याच्या खालून येणारी फूट जंगली, ती मुळापासून काढायची. सात पानांची फूट म्हणजे जंगली असं नर्सरीत सांगतात पण त्यावर भरवसा ठेवू नका, सांध्याच्या खाली की वर तेवढंच बघा.

मोगरा नोव्हेंबर-डिसेंबरात गुडघ्याएवढा कापून, पाणी थोडं तोडून मग खत घालावं, उन्हाळ्यात कळ्यांनी भरतो. जास्वंद आणि बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, बहर ओसरला की बिनधास्त कापा. पारिजातकाला फुलं संपल्यावर. कण्हेरीचा चीक विषारी, हातमोजे घाला आणि कापलेल्या फांद्या जाळू नका. लिंबाला सरळ वर धावणारे काटेरी पाणसोट दिसतील तेव्हा काढावेत. शेवगा पावसाआधी आखूड केला तर बरा, नाहीतर त्याच्या ठिसूळ फांद्या वादळ स्वतःच मोडतं.

आंब्याचं गणित वेगळं. मोहोर जून झालेल्या काडीवर येतो, म्हणून फळं उतरली की लगेच छाटायचं, पालवी येऊन डिसेंबरपर्यंत पिकायला वेळ मिळतो. दिवाळीत हौसेने फांद्या उतरवणारे पुढच्या वर्षी मोहोर का नाही म्हणून विचारत बसतात. हापूसच्या जुन्या झाडात मधली एखादी फांदी काढून ऊन आत सोडलं तरी खूप फरक पडतो. पावसाच्या तोंडावर कापताय म्हटल्यावर जखमेला बोर्डो पेस्ट (कृती खाली दिली आहे) लावणं आलंच.

कापायची पद्धत. बारीक काडीला धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), जाड फांदीला करवत, कोयता नको कारण तो फांदी चिरतो. जाड फांदी एका घावात उतरवली तर तिच्या वजनाने खोडाची साल खालपर्यंत सोलून निघते, म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून, फांदी पडली की फांदीचा उरलेला खुंट शेवटी. हा शेवटचा काप खोडाला चिकटून घ्यायचा नाही. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ती राखून घ्यायचा, कारण जखम झाकणारा भाग तिथूनच वाढतो. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड कुजका भाग दुरुस्त करत नाही, तर त्याला भिंत घालून बंद करतं, आणि कड कापली की ही भिंत कमजोर पडते.

आपल्याकडे मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावतात. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र, सगळं प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसलं तर रोग पसरत नाही. द्राक्ष, गुलाब, मोगरा अशी आखूडच करायची झाडं सोडली तर एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नये.

नारळ-सुपारीचा शेंडा कधीच कापायचा नाही, त्यांना कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. आणि शहरात मोठ्या झाडाला हात लावण्याआधी पालिकेची परवानगी घ्या, महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि झाड तोडण्याच्या त्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं, झाड सोसायटीच्या कंपाउंडमध्ये असलं तरी.