मेलेला पिक्सेल की अडकलेला? ठिपक्याच्या रंगावरून ओळखा

नव्या मॉनिटरवर एक ठिपका दिसला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितं, ‘आज एक मेलाय, हळूहळू शेजारचेही जातील.’ तसं होत नाही. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके, असतात. प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल, आणि प्रत्येक उपपिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर. त्या बासष्ट लाखांतला एक बिघडला म्हणून शेजारच्याला धक्का लागत नाही. अख्खी रेघ गेली तर मात्र बहुधा पॅनलच्या कडेची जोडणी सुटलेली असते. तो मॉनिटर सरळ परत करा.

आधी ठिपका पिक्सेलचाच आहे ना, ते बघा. पावसाळ्यात ठाण्याकडे येऊरच्या पायथ्याला किंवा पारसिकच्या डोंगरालगत उजेडावर येणारे बारीक किडे कधीकधी पॅनलच्या थरांमध्ये शिरतात. ठिपका जागा बदलत असेल तर पडदा दाबू नका. किडा आत चिरडला तर डाग कायमचा. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा आणि पडद्याच्या कडेला टेबललॅम्प लावून ठेवा. उजेडाकडे तो स्वतःच बाहेर पडण्याची शक्यता असते.

मग काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी एकरंगी चित्रं पूर्ण पडद्यावर लावा आणि भिंग घ्या. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ०.२७ मिलिमीटरचा, त्यातली प्रत्येक रंगपट्टी (उपपिक्सेल) जेमतेम ०.०९ मिलिमीटर रुंद. काळ्या चित्रावर एखादी पट्टी पेटलेलीच राहिली तर ती अडकलेली. पांढऱ्यावर पूर्ण काळा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल, तिन्ही पट्ट्या विझलेल्या. पांढऱ्यावर आकाशी ठिपका दिसला तर फक्त लाल पट्टी गेली आहे.

असं का होतं? एलसीडी मॉनिटरमध्ये मागचा दिवा सतत चालू असतो. त्याच्यापुढे एकमेकांना काटकोनात बसवलेले दोन ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या गाळण्या) आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल). पॅनलचे आयपीएस, व्हीए आणि टीएन असे प्रकार असतात. आयपीएस आणि व्हीए पॅनलमध्ये व्होल्टेज नसताना स्फटिक प्रकाशाची ही कंपनदिशा बदलत नाहीत, त्यामुळे दुसरा ध्रुवक प्रकाश अडवतो आणि ठिपका काळा राहतो. टीएन पॅनलमध्ये नेमकं उलट: व्होल्टेज नसताना रेणूंची रचना ९० अंशांत पिळलेली असते, ती प्रकाश वळवून पार सोडते. म्हणजे तोच मेलेला ट्रान्झिस्टर आयपीएसवर काळा दिसतो आणि टीएनवर उजळ. ट्रान्झिस्टरचं काम टाकीच्या नळासारखं: क्षणभर उघडून छोट्या कपॅसिटरमध्ये (विजेच्या टाकीत) विद्युतभार भरायचा आणि बंद व्हायचं. ६० हर्ट्झला हे दर १६.७ मिलिसेकंदांनी होतं, आणि भाराची दिशा दरवेळी उलटवली जाते. दिशा एकच ठेवली तर द्रवस्फटिकातल्या अशुद्धीचे विद्युतभारित कण (आयन) एका बाजूला साचतात आणि तिथलं व्होल्टेज सरकतं.

रंग झपाट्याने बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा जो काही उपयोग होतो तो इथेच. अडकण्याचं कारण असा साचलेला भार असेल तर वेगाने व्होल्टेज बदलून तो कधीकधी मोकळा होतो. लुकलुकणारी छोटी चौकट ठिपक्यावर ठेवा, अर्धा तास चालवा, फरक नसेल तर काही तास. घरात कोणाला अपस्माराचा त्रास असेल तर ते लुकलुकणं त्यांच्या नजरेआड ठेवा. ट्रान्झिस्टर तुटला असेल किंवा धातूचे थर एकमेकांना चिकटले असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर तो जोडू शकत नाही. ‘मेलेले पिक्सेल जिवंत करा’ म्हणणारे व्हिडिओ खोटी आशा विकतात. पेन्सिलीने दाबणं, गरम फडक्याने शेकणं तर नकोच. त्याने शेजारचे धड पिक्सेल खराब होतात आणि वॉरंटीही हातची जाऊ शकते.

म्हणून बॉक्स उघडला त्याच दिवशी तपासा. परतीची मुदत कमी असते आणि त्यात कारण पटवणं सोपं जातं. पुढे वॉरंटीत कंपनी ठिपके मोजते. आयएसओ १३४०६-२ या २००१ च्या मानकात दुसऱ्या श्रेणीला दर दहा लाख पिक्सेलमागे २ सतत पेटलेले आणि २ सतत विझलेले पिक्सेल चालत, शिवाय ५ बिघडलेले उपपिक्सेल. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली, पण शून्य दोषाची हमी अजूनही सगळ्या मॉनिटरना नसते. खरेदीआधी त्या मॉडेलची अट वाचा. तक्रार करताना काळ्या आणि पांढऱ्या चित्रांवरचे जवळून काढलेले फोटो आणि बिल जोडा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं असो की ऑनलाइन, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही.