सोफ्यावरून गेमिंग करताना वायरलेस कीबोर्ड-माउसची रेंज

सोफ्यावरून गेमिंग म्हणजे पीसी, लॅपटॉप किंवा कन्सोल (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडायचा आणि कीबोर्ड-माउस मांडीवर घेऊन अडीच-तीन मीटर लांबून खेळायचं. यात सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे रेंज. डब्यावर १० मीटर छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात टीव्हीपासून तीन मीटरवर बसलं तरी कर्सर अडखळतो, की दाबली तरी लागत नाही, लोक वैतागून माउसला शिव्या घालतात आणि दुसरा महागडा माउस मागवतात, त्यालाही तेच होतं. बहुतेक घरांत माउस धडधाकट असतो, त्याचा डोंगल, म्हणजे माउसचे संदेश ऐकणारा यूएसबी पोर्टातला छोटा रिसीव्हर, चुकीच्या जागी खुपसलेला असतो. म्हणून नवीन काही विकत घ्यायच्या आधी डोंगल हलवून बघायचा, या नोंदीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच समजा.

लक्षणं कशी ओळखायची

माउसचे रेडिओ संदेश हरवायला लागले की कर्सर सलग सरकत नाही, थांबतो आणि एकदम उडी मारतो. याची सोपी टेस्ट म्हणजे पेंट उघडायचं, ब्रश घ्यायचा आणि सोफ्यावर बसून भराभर गोल काढायचे. डोंगलजवळ काढलेले गोल गुळगुळीत येतात, पण सोफ्यावरून काढलेल्या गोलात मध्येच सरळ रेघा दिसल्या, म्हणजे गोलाचा एखादा तुकडा कापून दोन टोकं जोडल्यासारखं दिसलं, तर तेवढ्या वेळातले संदेश पोचलेच नाहीत. कीबोर्डचं लक्षण वेगळं असतं. की दाबल्याचा संदेश पोचतो पण सोडल्याचा हरवतो, मग गेममधला आपला माणूस हात काढून घेतला तरी पळत राहतो आणि जाऊन भिंतीला धडकतो, किंवा टाइप करताना एकच अक्षर ओळभर छापलं जातं. अशा वेळी कीबोर्डची बटणं चिकटली असं वाटतं आणि लोक की काढून साफ करत बसतात, तर तसं काही नसतं.

आधी काय होतं

घरात लांब बसून टाइप करायची हौस जुनीच आहे. आयबीएमचा पीसीज्युनियर १९८४ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत इन्फ्रारेड कीबोर्ड होता, टीव्हीच्या रिमोटसारखा, त्यामुळे कीबोर्ड आणि मशीनच्या मध्ये कोणी आलं की काम बंद. लॉजिटेकने १९९१ मध्ये रेडिओवर चालणारा माउस आणला. नंतर बरीच वर्षं २७ मेगाहर्ट्झवाले माउस-कीबोर्ड चालले, त्यांची रेंज दीड-दोन मीटर, टेबलापुरती ठीक. मग सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आले आणि तेव्हापासून सोफा हा पर्याय खऱ्या अर्थाने उघडला. २०१२ मध्ये वॉल्व्ह कंपनीने आपल्या स्टीम या पीसी गेमच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबून टीव्हीवर वापरायला सोपा बिग पिक्चर मोड दिला, त्याने पीसी टीव्हीला लावणाऱ्यांची सोय झाली, आणि टचपॅडवाला लॉजिटेक के४०० सारखा कीबोर्ड हॉलमध्ये सर्रास दिसायला लागला. एक्सबॉक्स वनलाही २०१८ च्या नोव्हेंबरात कीबोर्ड-माउसचा सपोर्ट मिळाला.

२.४ गिगाहर्ट्झची गर्दी

रेडिओ लहरींचा हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत आहे आणि लायसन्स न काढता वापरता येतो, भारतात ही मोकळीक २००५ पासून आहे. फुकट जागा म्हटल्यावर गर्दी होणारच. वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस हेडफोन, गेमपॅड, बेबी मॉनिटर सगळे इथेच, आणि मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यातून बाहेर झिरपणारं अगदी थोडं असलं तरी माउसच्या मानाने ते फार जास्त असतं. कारण माउस पाठवतो साधारण एक मिलिवॅट, राउटर पाठवतो शंभरच्या घरात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडली तर शेजारच्या, वरच्या, खालच्या अशा सगळ्यांच्या राउटरची नावं दिसतात, ती सगळी आपल्या हॉलमध्ये पोचलेली असतात. त्यात आपल्याकडे आपला स्वतःचा राउटरही बऱ्याचदा टीव्ही युनिटवरच ठेवलेला असतो, म्हणजे डोंगलच्या अगदी कानाशी.

राउटरच्या बाबतीत करायचं ते सोपं आहे. पीसी आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर न्यायचे, जमलं तर पीसीला सरळ लॅन केबल लावायची, राउटर डोंगलपासून निदान दोन मीटर लांब सरकवायचा. २.४ चालू ठेवावंच लागत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलची, म्हणजे पट्ट्यातल्या त्याच्या तुकड्याची, रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करायची, कारण ४० वर एकटा राउटर जवळजवळ निम्मा पट्टा खाऊन बसतो. चॅनल १, ६, ११ पैकी एखादा पक्का करून ठेवला तर माउसला उरलेल्या जागेत पळायला वाव राहतो, चांगल्या कंपन्यांचे डोंगल गर्दीची जागा टाळून दुसरीकडे जातात.

यूएसबी ३ चा गोंधळ

खरा घोळ इथे आहे आणि नेमकं हेच लोकांना माहीत नसतं. यूएसबी ३ सेकंदाला ५ गिगाबिटने डेटा पाठवतं आणि त्या सिग्नलची ऊर्जा शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरलेली असते, म्हणजे २.४ बरोबर मधोमध सापडतं. पोर्टच्या कनेक्टरमधून, केबलमधून आणि लावलेल्या हार्ड डिस्कमधून हा रेडिओचा आवाज, म्हणजे कानाला न ऐकू येणारा नॉइज, बाहेर पडतो. इंटेलने २०१२ च्या एप्रिलमध्ये यावर एक पेपर काढला, त्यात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावल्यावर २.४ च्या पट्ट्यातला नॉइज जवळजवळ २० डेसिबलने वाढलेला दाखवलाय. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. मोकळ्या जागेतल्या हिशोबाने १० मीटरची रेंज १ मीटरवर येते. फिल्टर लावून हे जात नाही कारण तो आवाज म्हणजे डेटाचाच भाग असतो आणि पडतोही नेमका माउसच्या पट्ट्यात. लग्नाच्या हॉलमध्ये डीजेच्या स्पीकरला टेकून उभं राहायचं आणि फोनवर पलीकडचा हळू बोलतो म्हणून त्याच्यावर चिडायचं, असं काहीसं डोंगलचं होतं. माउस पूर्वीइतकंच जोरात बोलत असतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? लॅपटॉप टीव्हीला लावायला बरेच जण बोटभर लांबीचा टाइप-सी हब घेतात. त्याच्या एका बाजूला एचडीएमआय, त्याला लागून गेम ठेवलेली बाहेरची एसएसडी, आणि तिसऱ्या पोर्टात माउसचा डोंगल, म्हणजे एसएसडी आणि डोंगलमध्ये जेमतेम एक सेंटीमीटर. गेम लोड होत असतो, एसएसडीचा दिवा लुकलुकतो आणि नेमका तेव्हाच कर्सर थिजतो, लोड संपला की परत नीट. इतकं स्पष्ट लक्षण दुसरं नाही. एसएसडी काढून बघा, माउस लगेच सुधारला तर चोर सापडला. डेस्कटॉपला मागच्या बाजूला हेच होतं, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टांच्या दाटीत डोंगल, शेजारी हार्ड डिस्क, वरून कॅबिनेटचा पत्रा, आणि ते सगळं टीव्हीमागे भिंतीकडे तोंड करून. अशा ठिकाणाहून तीन मीटरवरचा सोफा म्हणजे डोंगलसाठी दुसरं गावच.

इथे एक गैरसमज काढायला हवा. निळा पोर्ट स्वतः वाईट नाही. माउसचा डोंगल हळू चालणारा असतो, तो निळ्या पोर्टात लावला म्हणून यूएसबी ३ चा सिग्नल सुरू होत नाही. त्रास देतं ते शेजारच्या पोर्टातलं वेगवान डिव्हाइस. तरी पर्याय असेल तर डोंगल यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात, तोही हार्ड डिस्कपासून लांबच्या, हे बरं. २०२० च्या मूळ प्लेस्टेशन ५ वर पुढचा चौकोनी पोर्ट यूएसबी २ चाच आहे आणि मागचे दोन वेगवान, म्हणून डोंगल पुढे लावायचा, तसंही पुढून सोफा समोर दिसतो.

एक्स्टेन्शन केबल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला पोर्ट असलेली, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळते. दुकानदार यूएसबी ३ ची जास्त चांगली म्हणून देऊ करेल, ती घेऊ नका, इथे २ चीच हवी, तिच्यात वेगवान सिग्नलच्या तारा नसतातच. दीड मीटर बहुतेकांना पुरते. साध्या केबलने एकूण ५ मीटरच्या पुढे जायचं नाही, त्यापुढे अ‍ॅक्टिव्ह केबल घ्यावी लागते, जिच्या टोकाशी सिग्नल पुन्हा उभा करणारी चिप असते.

डोंगल कुठे आणायचा हा विचार नीट करा. टीव्हीच्या मागून काढून टीव्ही युनिटच्या पुढच्या कडेवर ठेवला तरी फरक लगेच कळतो, कारण टीव्हीची पाठ आणि कॅबिनेट दोन्ही धातूचे, त्यांची सावली पडते. डोंगल उभा ठेवायचा, पत्र्यापासून हातभर लांब, आणि तिथून सोफ्यावरचा माउस दिसला पाहिजे. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, ते हा सिग्नल खातं, त्यामुळे मांडीखाली किंवा उशीआड माउस गेला की रेंज घटते. यापेक्षाही चांगलं म्हणजे केबल सतरंजीखालून टीपॉयपर्यंत आणायची आणि डोंगल टीपॉयच्या सोफ्याकडच्या पायाला आतून दुहेरी टेपने चिकटवायचा. हिशोब असा की मोकळ्या जागेत अंतर पाचपट कमी झालं की पोचणारी ताकद पंचवीसपट होते, म्हणजे ३ मीटरचे ६० सेंटीमीटर केले की माउस पंचवीस पट मोठ्याने बोलल्यासारखा होतो, बॅटरी तीच, माउस तोच. लॉजिटेकसारख्या कंपन्या आपल्या गेमिंग माउसच्या डब्यात यासाठीच केबल आणि जोडणी देतात आणि लोक ती डब्यातच ठेवून देतात, ही फार वाईट सवय आहे. केबल पायात अडकणार नाही असं मात्र बघा, घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर टीपॉयचा नाद सोडून युनिटच्या कडेवर थांबा.

माउसचा पोलिंग रेट १००० हर्ट्झ असेल तर सेकंदाला हजार संदेश जातात. गर्दीच्या हवेत तो ५०० किंवा २५० केला तर पुन्हा पाठवायला वेळ मिळतो आणि बॅटरीही टिकते, टीव्हीवर खेळताना तेवढा फरक हाताला सहसा कळत नाही.

ब्लूटूथ असेल तर

ब्लूटूथवाल्या माउसला डोंगल नसतो, पीसीच्या आतलं कार्डच ऐकतं. डेस्कटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर, एकाच अँटेनावर असतात, आणि मदरबोर्डच्या डब्यात आलेल्या त्या अँटेना ‘मी तर लॅन वापरतो’ म्हणून कोणी स्क्रूच करत नाही. मग ब्लूटूथ बहिरं होतं, दोन फुटांवर नीट आणि सोफ्यावरून ठणठणाट. मागे पितळी दोन खुंट्या रिकाम्या दिसल्या तर अँटेना लावा, मॅग्नेटचा स्टँड असेल तर टीव्हीच्या वरच्या बाजूला आणा. त्याच कार्डावर २.४ चं वायफाय, ब्लूटूथ हेडफोन आणि माउस असे तिघं असतील तर वायफाय सोडून पीसी लॅनवर घेणं हाच बरा मार्ग. ब्लूटूथमध्ये १.२ आवृत्तीपासून, म्हणजे २००३ पासून, गर्दीच्या चॅनलांना टाळत उड्या मारायची सोय आहे, पण सगळाच पट्टा भरला असेल तर ती सोय काय करणार. कार्ड नसलेल्या पीसीला ब्लूटूथचा डोंगल लावला असेल तर एक्स्टेन्शन केबलचं वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

रेंजसारखं वाटतं पण रेंज नसते

काही तक्रारींचा रेडिओशी संबंधच नसतो. सोफ्याच्या मखमली किंवा फरच्या कापडावर माउसच्या सेन्सरला पृष्ठभाग नीट दिसत नाही, काचेच्या टीपॉयवर तर बहुतेक माउसना अजिबात नाही, कर्सर उड्या मारतो आणि वाटतं रेंज गेली. मांडीवर एखादी लाकडी फळी, अभ्यासाचं पॅड किंवा गादीवर ठेवायचं लॅपटॉप टेबल घेऊन त्यावर माउसपॅड टाकला की हे संपतं. दुसरं, टीव्हीचा स्वतःचा उशीर. चित्र सुधारायच्या नादात टीव्ही ते मागे ठेवतो आणि माउस जड लागतो, त्यासाठी टीव्हीत गेम मोड चालू करायचा. तिसरं, थोडा वेळ हात लावला नाही की झोपणारा माउस, पहिली हालचाल खातो. आणि विंडोजमध्ये यूएसबीची वीज वाचवायची सेटिंग डोंगललाच झोपवते, ती डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करता येते. यातलं काय आहे ते पाहायला कोणाकडून तरी वायरचा माउस मागून आणा, लांब केबलने सोफ्यापर्यंत घ्या आणि त्याच गेममध्ये चालवा. तोही अडखळला तर रेडिओ सोडून इतर ठिकाणी बघायचं.

बॅटरी बदलणं हे मी यादीत खाली ठेवलंय पण ते आधी करून घ्यावं, उतरलेल्या सेलवर कुठलीच टेस्ट खरी येत नाही.

एवढं सगळं करून एखाद्या घरात जमलंच नाही, शेजारी वायफाय दाट, टीव्ही भिंतीत कोनाड्यात, पीसी बंद कपाटात, तर वायरला कमीपणा मानू नका. सोफ्याजवळ यूएसबी २ चा हब आणून त्यात वायरचा कीबोर्ड आणि माउस लावला की हा सगळा प्रश्न उरत नाही, स्पर्धेचे नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांनी तर हाच पर्याय पहिल्यांदा बघावा, फक्त हबला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला घ्या, लांब केबलवर दिव्यांचा कीबोर्ड वीज कमी पडून मध्येच बंद होतो.