डेल्टा ब्लूजमधल्या डेल्टाला समुद्र नाही

‘डेल्टा ब्लूज’चा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गिटारवरच्या जुन्या गाण्यांचा, विषय निघाला की मराठीत एक वाक्य हमखास येतं: मिसिसिपी नदीच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात जन्मलेलं संगीत. लगेच मागोमाग न्यू ऑर्लिन्स, जाझ, मार्डी ग्राचा उत्सव, सगळं एकाच पातेल्यात. इतक्यांदा वाचलंय की आता ‘त्रिभुज’ दिसलं की मी पान उलटतो.

डेल्टा दोन आहेत. मुखाजवळचा डेल्टा शाळेत शिकलेलाच आहे. लुइझियाना राज्य, पक्ष्याच्या पंजासारखे फाटे, गाळ, कोळंबी, कालवं, फ्रेंच वळणाची केजन आणि क्रिओल माणसं, 1718 मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं न्यू ऑर्लिन्स. पुरे.

दुसरा, ज्याला तिथले लोक नुसतं ‘द डेल्टा’ म्हणतात, तो मिसिसिपी राज्याच्या वायव्येला. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधली ताटासारखी सपाट जमीन. वर मेम्फिस, खाली व्हिक्सबर्ग. व्हिक्सबर्गहून नदीच्या वळणावळणांनी निघालात तर समुद्र अजून सुमारे 700 किलोमीटर. भूगोलाच्या भाषेत हे पूरमैदान. डेल्टा हे त्याचं नाव आहे, आणि नावाचं भाषांतर करत नाहीत.

पण नकाशातली चूक सुधारता येते. डोक्यातली सुधारत नाही, ती वयाची. दोन्ही डेल्टा सारखेच जुने, गुलामगिरीच्या काळापासूनचे मळे, त्यातून आलेलं संगीत, असं धरून चालतात. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा न्यू ऑर्लिन्सला वसून जवळपास दीडशे वर्षं झाली होती. तिथं बंदर होतं, ऑपेरा होता, आणि काँगो स्क्वेअरमध्ये गुलामांनी रविवारी ढोल बडवत नाचायची परंपरा होती. याझूकाठी तेव्हा मळे होते ते मुख्यतः नदीलगत. आतला बहुतेक भाग दलदल आणि जंगल होता.

ते जंगल तोडलं मुख्यतः कृष्णवर्णीय मजुरांनी. बांध घातले, रेल्वेचे रूळ टाकले, आणि काहींनी चक्क जमिनी विकत घेतल्या. हा काळ फार टिकला नाही. कापसाचे भाव पडले, मिसिसिपी राज्याच्या 1890 च्या घटनेनं कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला आणि उरली ती बटई. वऱ्हाडातल्या माणसाला बटई समजावून सांगायला नको. इथं घर, बियाणं, खेचर मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर, पीक निम्मं. हंगाम संपला की हिशेब मालकाच्या वहीत, आणि त्या वहीला आव्हान द्यायला कोर्टही आपलं नाही.

ब्लूज या नव्या, घाईनं उभ्या राहिलेल्या मळ्यांवरचं. विल डॉकरीनं मळा सुरू केला 1895 मध्ये. ब्लूजचा गायक-गिटारवादक चार्ली पॅटन तिथंच वाजवायचा. जाझला शहर लागतं: पितळी वाद्यं, मिरवणुका, पाच-सात वादकांचा ताफा. डेल्टातल्या माणसाकडे शनिवारची रात्र, एखादा जूक जॉइंट (दारू-नाचगाण्याचा साधा अड्डा) आणि एक गिटार. दोन्ही थोर, पण एकाला दुसऱ्याचं लेकरू म्हणू नये. (मला विचाराल तर मी पॅटनच ऐकेन.)

1927 च्या महापुरानं दोन्ही डेल्टांना गाठलं, तेही वेगवेगळं. 21 एप्रिलला माउंड्स लँडिंगचा बांध फुटला आणि ग्रीनव्हिल शहरासकट याझूकाठचा डेल्टा बुडाला. हजारो कृष्णवर्णीय मजुरांना बांधावरच्या छावण्यांत, नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैनिकांच्या, बंदुकांखाली कामाला जुंपलं. बोटीनं हलवले तर परत येणार नाहीत, ही मळेवाल्यांची भीती. आठ दिवसांनी खाली कार्नार्व्हनला बांध फुटला नाही, सुरुंग लावून फोडला. न्यू ऑर्लिन्स वाचावं म्हणून शेजारचे सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स हे परगणे बुडवले.

मळेवाल्यांची भीती खरी ठरली. माणसं आधीपासून निघत होतीच, पुरानंतर आणखी निघाली. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा ब्लूज गायक मडी वॉटर्स 1943 मध्ये रेल्वेनं गेला तो शिकागोला, समुद्राच्या बरोबर उलट दिशेला.