रंधा मशीन आणि एक वीत अंतर

‘हात सराईत असला की रंधा मशीन काही करत नाही.’ हे वाक्य इंदुरात मी सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत ऐकलंय, फर्निचरच्या कामावरच्या मिस्त्रींकडून ऐकलंय आणि निवृत्तीनंतर हौसेनं लाकूडकाम सुरू केलेल्या रामबागेतल्या मंडळींकडूनही ऐकलंय. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच: ‘लक्ष ठेवायचं. काही वाटलंच तर हात झटकन मागे घ्यायचा.’ लक्ष ठेवायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण हात झटकन मागे घेण्याची जी खात्री आहे, ती साफ चुकीची आहे, आणि ती किती चुकीची आहे हे शाळेतल्या भौतिकशास्त्रानं मोजता येतं.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात. दुकानदार ज्याला जॉइंटर किंवा सरफेस प्लेनर म्हणतात, त्या रंधा मशीनला दोन टेबलं असतात आणि त्यांच्यामधल्या फटीत पाती बसवलेला पोलादी ड्रम फिरतो. पलीकडचं टेबल पात्यांच्या सर्वांत वरच्या टोकाच्या बरोबर पातळीत असतं. अलीकडचं टेबल, म्हणजे आपण जिथून फळी सरकवतो ते, तेवढं मिलिमीटरभर खाली. फळी ड्रमवरून गेली की तिच्या खालच्या अंगाचा तेवढा थर निघतो आणि सपाट झालेला भाग पलीकडच्या टेबलावर टेकत जातो. बाक आलेली, पीळ पडलेली फळी सरळ करायला आणि तिची कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायला याहून चांगलं साधन नाही. जुनी घरं पाडली की निघणारं सागवान घरी आणून त्याचं टेबल किंवा पाट करणाऱ्यांना तर हे यंत्र वरदानच वाटतं. (अशा सागवानावर आधी चांगलं ताकदीचं लोहचुंबक फिरवून घ्यावं. रंगाखाली दडलेला एक खिळा सगळ्या पात्यांची धार एका फटक्यात घालवतो, आणि फळी उसळते ती वेगळीच.)

आता आकडे. आपल्याकडे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा, त्यामुळे दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण 2880 फेरे घेते. पट्टा आणि लहान-मोठ्या पुलींमुळे ड्रमचा वेग मिनिटाला 5000 फेऱ्यांच्या आसपास नेलेला असतो. ड्रमचा व्यास 75 मिलिमीटर धरला, तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 70 किलोमीटर वेगानं धावत असतं. ड्रमवर तीन पाती असतील, तर एका सेकंदात लाकडावर 250 काप बसतात. आपण फळी सावकाश, मिनिटाला पाच मीटर वेगानं सरकवली, तर एका पात्याच्या वाट्याला 0.33 मिलिमीटर लाकूड येतं.

या एका कापाकडे जरा जवळून पाहू, कारण मला या यंत्रात सर्वांत आवडणारी गोष्ट तिथेच आहे. ड्रमचा वरचा भाग आपल्या दिशेनं फिरत असतो आणि फळी आपल्यापासून दूर जात असते. पातं लाकडात शिरतं ते नुकत्याच सपाट झालेल्या पृष्ठभागापाशी, जवळजवळ शून्य जाडीनं, आणि आपल्याकडे व किंचित खाली सरकत बाहेर पडतं. त्यामुळे निघणारी प्रत्येक कपची स्वल्पविरामासारखी असते, एका टोकाला नाहीशी होत गेलेली आणि दुसऱ्या टोकाला जाड. मिलिमीटरभर खोल काप घेतला, तर ती लांबीला सुमारे 9 मिलिमीटर आणि जाड टोकाला जेमतेम 0.08 मिलिमीटर भरते. यंत्राखाली साठलेला कीस चिमटीत धरून उजेडात पाहिला, तर हा आकार ओळखू येतो. आणि प्रत्येक कपची सुटताना पातं फळीला आपल्याकडे ढकलत असतं. आपण पुढे रेटतो, यंत्र मागे रेटतं. या दोन जोरांचा समतोल आहे तोवर फळी शांतपणे सरकत राहते.

अपघात होतो तो हा समतोल मोडतो त्या क्षणी.

पात्याला गाठ लागली, तंतू उलट्या दिशेला निघाले, धार बोथट झाली किंवा काप खोल घेतला, की यंत्राचा विरोध वाढतो. माणूस नकळत जास्त जोर लावतो. हा जोर सहज 40 न्यूटन होतो, म्हणजे चार किलो वजन उचलायला लागतो तेवढा. आणि मग फळी अचानक सुटते. कधी ती मागे फेकली जाते, कधी टोक संपतं, कधी तुकडा उसळून बाजूला पडतो. हाताला होणारा विरोध एका क्षणात शून्यावर येतो, पण स्नायूंचा जोर मात्र चालूच राहतो, कारण फळी सुटल्याची बातमी अजून मेंदूपर्यंत गेलेली नसते. डोळ्यांनी पाहून हाताला ‘थांब’ सांगायला निरोगी माणसालाही सुमारे 0.2 सेकंद लागतात.

तेवढ्या वेळात काय होतं? खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताचं वस्तुमान शरीराच्या साधारण पाच टक्के असतं. सत्तर किलोच्या माणसाचा हात साडेतीन किलोचा धरू. जोर भागिले वस्तुमान, म्हणजे 40 भागिले 3.5, हे आलं त्वरण: सुमारे 11.4 मीटर प्रति सेकंद वर्ग. अंतर म्हणजे अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. 0.5 × 11.4 × 0.04 = 0.23 मीटर, म्हणजे 23 सेंटिमीटर. आपल्या जुन्या मापात नऊ इंच, एक वीत.

हिशेब ढोबळ आहे. हात पुढे गेला की स्नायूंचा जोर थोडा कमी होतो, दुसरीकडे शरीर झुकलेलं असेल तर त्याचंही वजन हातामागे येतं. पण आकडा दोन सेंटिमीटर निघत नाही आणि एक मीटरही निघत नाही, तो वितीच्या घरातच राहतो. फळी सुटल्याचं आपल्याला *कळायच्या आत* हात एक वीत पुढे गेलेला असतो. त्या 0.2 सेकंदांत ड्रमवरून 50 काप जाऊन गेलेले असतात. काटा बोचल्यावर मज्जारज्जूतून परस्पर येणारी प्रतिक्षिप्त क्रिया याहून चपळ असते हे खरं, पण तिला 0.1 सेकंद जरी लागला तरी 25 काप होतात. सराईत माणसाची मज्जासंस्था वेगळ्या मालाची बनलेली नसते. सरावानं हात अचूक होतो, चेतातंतूंतून संदेश जाण्याचा वेग काही वाढत नाही.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. वीतभर गेलेल्या त्या हाताचा वेग आता सेकंदाला दोन मीटरच्या वर आहे. 250 कापांनी भागलं तर एका पात्याच्या वाट्याला आठ-नऊ मिलिमीटर येतात. लाकडाच्या वेळी 0.33 होते. इथेच ड्रमच्या आकाराचा प्रश्न येतो. पूर्वीच्या यंत्रांत ड्रम चौकोनी असायचा. त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाची कड यांच्यात मोठी पोकळी राहायची आणि बोटं तिच्यात ओढली जायची. गोल ड्रममध्ये पातं अंगाबाहेर थोडंसंच डोकावतं, त्यामुळे एका कापाची खोली तेवढ्यावरच अडते. ब्रिटननं 1922 च्या नियमांत हातानं लाकूड सरकवायच्या यंत्रांसाठी गोल ड्रम सक्तीचा केला आणि आपल्याकडेही कारखाने अधिनियम 1948 खालच्या राज्यांच्या नियमांत ही अट आली. घरच्या गॅरेजमधल्या यंत्राला कारखान्यांचे नियम लागत नाहीत. म्हणून जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर पहिल्यांदा ड्रम पाहावा. चौकोनी असला तर फुकटही घेऊ नये.

गोल ड्रम जखम उथळ करतो, टाळत नाही. करवतीनं तुटलेलं बोट कधी कधी शस्त्रक्रियेनं जोडता येतं. रंधा मशीन बोट तोडत नाही, त्याचा कीस करते, आणि जोडायला मागे काही उरत नाही. हे वाचायला बरं वाटत नाही, पण हे यंत्र घरी आणणाऱ्यानं ते माहीत करूनच घ्यावं.

तेव्हा सुरक्षिततेचा अर्थ एकच उरतो: हात आणि पाती यांच्यामध्ये काहीतरी असलं पाहिजे, आणि ते यंत्र सुरू करण्याआधीच तिथे असलं पाहिजे. फळी आडवी टाकून सपाट करताना हात थेट फळीवर ठेवून ड्रमवरून न्यायचा नाही. खाली रबर लावलेले, वर मूठ असलेले पुश ब्लॉक दोन्ही हातांत हवेत, आणि मागच्या ब्लॉकला फळीच्या शेपटात अडकेल अशी लाकडी टाच हवी, म्हणजे घसरण्याची शक्यताच राहत नाही. मूठ उंच असली की हात पडला तरी पात्यांपासून वर पडतो. ड्रमवरचा गार्ड, म्हणजे पाती झाकणारं आवरण, कधीही काढायचा नाही. रीलमध्ये काप नीट दिसावा म्हणून गार्ड काढून काम दाखवणारे खूप आहेत, आणि त्यांचं पाहून नवशिक्यांना तीच पद्धत योग्य वाटते. हे मला फार चुकीचं वाटतं. उभं राहायचं ते यंत्राच्या बाजूला, फळीच्या मागे सरळ रेषेत नाही, कारण सुटलेली फळी त्याच रेषेत मागे येते.

विरोध अचानक वाढू नये यासाठीही बरंच करता येतं. सागवान किंवा शिसवासारख्या लाकडात एका वेळी मिलिमीटरच्या वर काप घेऊ नये. फळीच्या कडेवरच्या रेषा पाहाव्यात: आपल्या बाजूला येताना त्या खाली उतरत असतील, तर तंतू सुलट आहेत. उलट असतील तर कपचीचं जाड टोक तंतूंना पुढे उचकटत जातं आणि फळी धक्के खाते, तेव्हा फळी फिरवून घ्यावी. 30 सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकडा या यंत्रावर घालूच नये. त्याला दोन्ही टेबलांचा आधार एकाच वेळी नीट मिळत नाही आणि त्याचं नाक मधल्या फटीत बुडतं. त्यासाठी हातरंधा आहेच. आणि पलीकडच्या टेबलाची पातळी तपासायची. ते पात्यांपेक्षा किंचित जरी वर राहिलं, तर फळीचं टोक त्याच्या कडेवर अडतं आणि माणूस आणखी जोर लावतो. त्या जोराचं पुढे काय होतं ते वर आलंच आहे.

हातमोज्यांबद्दल उलटा समज आहे. फिरत्या ड्रमजवळ कापडी किंवा चामडी हातमोजे संरक्षण देत नाहीत, ते पात्यांना पकडायला कापड देतात. हीच गोष्ट मनगटावरच्या गंड्यादोऱ्याची. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहून त्याला त्या दिवशी विश्रांती देण्याची आपली प्रथा मला मनापासून आवडते. त्या निमित्तानं यंत्र पुसलं जातं, तेलपाणी होतं. पण यंत्राला लिंबू-मिरची बांधली की अपघात होत नाही, किंवा मनगटावर मंत्रलेला दोरा असला की हात सुखरूप राहतो, हे खरं नाही. दोऱ्याचं तर उलटंच आहे. पात्याचा वेग सेकंदाला 20 मीटर, म्हणजे 30 सेंटिमीटर सुटा दोरा ड्रमवर गुंडाळला जायला 0.015 सेकंद पुरतात, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला मनगट असतं. दोरा, अंगठी, घड्याळ, लांब बाह्या, ओढणी, सगळं आधी काढून ठेवायचं.

पाती बदलताना प्लग काढलेला असला पाहिजे, नुसतं बटण बंद करून चालत नाही. सत्तर ग्रॅमचं एक पातं पूर्ण वेगावर साधारण 670 न्यूटन जोरानं बाहेर ओढलं जातं, म्हणजे त्याचं वजन जणू 68 किलो झालेलं असतं. त्याला धरून ठेवतात ते पातं खाचेत आवळणाऱ्या पाचरीचे चार-पाच बोल्ट. ते एकेक करून, मधून बाहेर, दोन वेळा कसून पाहायचे. ड्रम स्वतः पाच किलोच्या घरात असतो आणि त्यात सुमारे 500 ज्यूल ऊर्जा साठलेली असते, सिमेंटची 50 किलोची गोणी मीटरभर उंचीवरून सोडली तर मिळेल तेवढी. म्हणून बटण बंद केल्यावरही तो काही सेकंद फिरत राहतो, आणि आवाज जवळजवळ थांबला तरी पाती थांबलेली नसतात. तोवर टेबलावरचा कीस हातानं झटकायचा नाही. भुशाचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाचा भुसा 1995 पासून माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. चांगला मास्क आणि भुसा ओढणारा पंप हवाच.

राहिला स्विच. पावसाळ्यात वीज दोन मिनिटं जाते आणि येते. साधा खटक्याचा स्विच असेल, तर वीज येताच ड्रम आपोआप सुरू होतो, आणि त्या दोन मिनिटांत माणूस अडकलेली कपची काढायला हात घालून बसलेला असू शकतो. बोअरवेलच्या पंपाला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर इथे हवा. त्यातली नो-व्होल्ट कॉइल वीज गेली की संपर्क सोडते आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत जोडत नाही. शेतावरच्या पंपांना वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा जो ऑटो स्विच जोडतात, तो मात्र इथे अजिबात लावायचा नाही. आपल्या यंत्राची तपासणी सोपी आहे: टेबल रिकामं ठेवून, दूर उभं राहून यंत्र सुरू करावं, बोर्डावरचा मुख्य स्विच बंद करावा, ड्रम पूर्ण थांबू द्यावा आणि मग मुख्य स्विच पुन्हा लावावा. ड्रम आपोआप फिरू लागला, तर पुढची फळी घालण्याआधी स्टार्टर बदलून घ्यावा.