ऑनलाइन पदवी की कंपनीचं प्रमाणपत्र? गोंधळामागची पार्श्वभूमी

नोकरी सांभाळून शिकणं ठाणे-बेलापूर पट्ट्याला नवं नाही. मुंबईच्या विद्यापीठाने १९७१ साली दूरशिक्षण सुरू केलं, १९८९ मध्ये राज्याचं मुक्त विद्यापीठ आलं. पुढे या पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांच्या जागी ऐरोली, महापे, घणसोलीत आयटी पार्क उभे राहिले आणि नुसत्या पदवीपेक्षा 'काय येतं?' हा प्रश्न मुलाखतीत जड झाला.

'स्वयम' हे सरकारी व्यासपीठ २०१७ मध्ये आलं. त्यावरचे कोर्स फुकट, फी फक्त परीक्षेची. कॉलेजात शिकणाऱ्यांना एका सत्रातले २० टक्के श्रेयांक (क्रेडिट) तिथून घेता येत; २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. कौशल्य वाढवू पाहणाऱ्याने पहिली नजर इथेच टाकावी. जाहिरात कमी म्हणून हे कोर्स मागे पडतात, हे खटकतं.

खरा गुंता २०२० नंतरचा. विद्यापीठ अनुदान आयोग या नियामक संस्थेच्या त्या वर्षीच्या नियमांनी संपूर्ण ऑनलाइन पदवीची वाट रुंद केली, पण ती नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण मिळवलेल्या किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या विद्यापीठांसाठी. जानेवारी २०२२ मध्ये नियामक संस्थेने बजावलं, की विद्यापीठांना आपली ऑनलाइन पदवी खासगी कंपन्यांमार्फत 'फ्रँचायझी' पद्धतीने चालवता येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीर झालं, की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण कोर्स विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातदारांनी दुसरा तेवढा उचलला. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसून मोबाईलवर दिसणाऱ्या जाहिरातीत विद्यापीठाचा लोगो ठळक असतो आणि 'प्रमाणपत्र अभ्यासक्रम' हे शब्द खाली बारीक अक्षरात. फोन केला की आधी हप्ते किती ते सांगतात, मान्यतेचं विचारलं की 'पीडीएफ पाठवतो'. अशा प्रमाणपत्राने कौशल्य येऊ शकतं, बढतीलाही हातभार लागतो. पण सरकारी नोकरीच्या अर्जात किंवा एमएच्या प्रवेशाला ते पदवी म्हणून चालत नाही. लाखभर रुपये भरल्यावर हे कळणं फार वाईट.

अभियांत्रिकी आणि वैद्यकीय पदव्या ऑनलाइन मिळतच नाहीत, तिथे चर्चेलाही जागा नाही.

२०२४ पासून ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेताना विद्यार्थ्याला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) पोर्टलवर स्वतःचा 'डीईबी आयडी', म्हणजे ओळख क्रमांक, काढावा लागतो. पदवी म्हणून विकल्या जाणाऱ्या कोर्सला हा आयडी कोणी मागतच नसेल, तर पैसे भरण्याआधी आयोगाच्या त्या सत्राच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्ही नावं शोधावीत.